एका जादा क्लिकची किंमत

गेल्या आठवड्यात आपण जिफ चित्रांच्या पेटंटची हकीकत पाहिली. तिथे पीएनजी हा नवा प्रकार निघाला आणि वाट मोकळी झाली. आजचं प्रकरण जास्त खोलवर जातं, कारण इथे ब्राउझरच्या मूळ वागणुकीवरच कुणीतरी मालकी सांगितली होती.

अमेरिकी पेटंट क्रमांक ५८३८९०६. अर्ज ऑक्टोबर १९९४चा, मंजुरी नोव्हेंबर १९९८ची. मालक कॅलिफोर्निया विद्यापीठ. परवाना इओलास या छोट्या कंपनीकडे. ती स्थापन करणारे मायकेल डॉइल हे पेटंटवरच्या तीन संशोधकांपैकी एक. पान उघडताच ब्राउझरने त्यातली खूण ओळखायची, बाहेरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू करायचा आणि तो पानाच्या आतच हाताळू द्यायचा, अशी ती पद्धत. फ्लॅशमधला खेळ, जावाचं ॲपलेट, पानातला व्हिडिओ हे सगळं या जाळ्यात येत होतं.

इओलासने १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. ऑगस्ट २००३मध्ये शिकागोच्या ज्युरीने विंडोजच्या प्रत्येक प्रतीमागे १ डॉलर ४७ सेंट या हिशेबाने सुमारे ५२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. बातमी या आकड्याचीच झाली. मला मात्र पुढे जे घडलं ते अधिक गंभीर वाटतं.

पेटंटची मेख ‘आपोआप’ या अटीत होती. म्हणून मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००६मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमधून तो आपोआपपणाच काढून टाकला. पानातल्या फ्लॅशभोवती चौकट दिसायची आणि आधी एकदा क्लिक केल्याशिवाय तो दाद देत नसे. तेव्हा बहुतेक लोक हाच ब्राउझर वापरत. त्यामुळे कालपर्यंत नीट चालणारी पानं, त्यांत एका अक्षराचाही बदल न होता, अडखळू लागली. उपाय होता, पण चमत्कारिक. फ्लॅश बसवणारा तोच टॅग वेगळ्या जावास्क्रिप्ट फाइलमधून पानात लिहिला की क्लिक लागत नसे; पानातल्याच स्क्रिप्टमधून लिहिला तर लागे. यात तांत्रिक शहाणपण काडीचंही नव्हतं. वकिलांनी आखलेली ती रेघ होती. खटल्याशी ज्यांचा काही संबंध नव्हता, त्यांनी आपली जुनी पानं उघडून टॅग हलवले. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट देत नाही, पण त्याचा इथल्या वेब डेव्हलपरला काय उपयोग? ब्राउझर अमेरिकेतून येत होता.

आता यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. पेई-युआन वेई नावाच्या तरुणाने व्हायोला हा ब्राउझर लिहिला होता. पानात चालते प्रोग्रॅम बसवून त्याने ते मे १९९३मध्ये सन कंपनीच्या अभियंत्यांना दाखवले, म्हणजे पेटंटच्या अर्जाआधी वर्षाहून अधिक काळ. वेई बर्कलीचा, म्हणजे त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाचा विद्यार्थी! शिकागोच्या न्यायाधीशांनी हा पुरावा ज्युरीपुढे येऊच दिला नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पेटंट कार्यालयाला पत्र लिहून फेरतपासणी मागितली, ती झालीही, पण २००५मध्ये पेटंट कायम राहिलं. त्याच वर्षी अपील न्यायालयाने मात्र व्हायोलाचा विचार व्हायलाच हवा म्हणून खटला परत पाठवला. २००७मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इओलास यांनी तडजोड केली आणि २००८मध्ये ती जादा क्लिक गेली.

तडजोडीने पेटंट शाबूतच राहिलं. २००९मध्ये इओलासने त्याच मालिकेतलं आणखी एक पेटंट मिळवून ॲपल, गूगल, ॲमेझॉनसह वीसहून अधिक कंपन्यांना टेक्ससमध्ये कोर्टात खेचलं. तिथे फेब्रुवारी २०१२मध्ये बर्नर्स-ली आणि वेई दोघेही साक्षीला उभे राहिले आणि ज्युरीने ते दावे अवैध ठरवले. वेईने एकोणीस वर्षांपूर्वी उघडपणे दाखवलेलं काम अखेर ज्युरीपुढे आलं होतं. पुढच्या वर्षी अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम केला.

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने फेब्रुवारी २००४मध्येच नियम केला होता: मानक घडवण्यात जे सहभागी होतील, त्यांनी त्यासाठी आवश्यक असलेली आपली पेटंटं रॉयल्टी न घेता वापरू द्यायची. नियम चांगला, पण तो सहभागी होणाऱ्यांनाच बांधतो. इओलाससारखा बाहेरचा दावेदार त्याच्या कक्षेत येत नाही, आणि व्हिडिओचे कोडेक तर डब्ल्यू३सीच्या बाहेरच ठरतात. त्यांतल्याच एच.२६४ या कोडेकच्या परवान्यांनी ब्राउझरांना कसं अडवलं, ते पुढच्या आठवड्यात पाहू.