पवनेचं पाणी, लेखांक 9 : बिडाचं बोरिंग की तुरटीचा गाळ?

या आठवड्यात पावसाळी तळ्यांकडे वळायचं ठरलं होतं. ती पुढच्या लेखांकात. थेरगावच्या एका वाचकांनी असा प्रश्न पाठवला आहे, की तो मागे ठेवणं मला जमलं नाही. त्यांचं लहानसं वर्कशॉप आहे, लेथवर बिडाचे पार्ट निघतात. ते विचारतात, "वाळूच्या गाळणीत लोखंड मिसळायचं म्हणता, मग आमच्याकडून पोत्यांनी भंगारात जाणारं बोरिंग, म्हणजे बिडाचा चुरा, चालेल का?"

चालेल. पण कुठे, यातच सगळी मेख आहे.

पावसाच्या पाण्याच्या गाळणीत नुसती वाळू असेल, तर ती मातीच्या कणांना चिकटलेला फॉस्फरस अडवते. पाण्यात विरघळलेला फॉस्फेट मात्र तिच्यातून सरळ पलीकडे जातो, आणि शेवाळाला व जलपर्णीला तोच आयता मिळतो. त्याला धरून ठेवायला गंज लागतो. लोखंड गंजलं की त्या गंजाच्या पृष्ठभागावर फॉस्फेट घट्ट बसतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या अँड्र्यू एरिक्सन आणि जॉन गलिव्हर यांनी नेमकी हीच युक्ती पावसाच्या पाण्यासाठी वापरली. वाळूत वजनाच्या साधारण 5 टक्के लोखंडाचा कीस मिसळायचा, एवढंच.

आता आपलं बोरिंग. बिडाचं काम बरेचदा कोरडंच चालतं, त्यामुळे त्याचा चुरा स्टीलच्या टर्निंगपेक्षा स्वच्छ असतो. स्टीलच्या वेटोळ्यांना कूलंट आणि तेल लागलेलं असतं. ते गाळणीत घालणं म्हणजे नदीला तेल पाजणं. स्टेनलेस आणि जस्ताचा मुलामा असलेला मालही नको. शिवाय बोरिंगचा वेगळा थर कधीही घालू नये, ते वाळूत एकसारखं मिसळावं. याचं कारण जुन्या फिटर लोकांना चांगलं ठाऊक होतं. बिडाच्या पाइपांचे सांधे भरायला ते बोरिंगमध्ये नवसागर आणि थोडा गंधक घालून ओलं मिश्रण ठासत. गंज फुगून सांधा दगडासारखा बसे. जाड थर दिला, तर आपल्या गाळणीतही असाच गठ्ठा होईल आणि पाणी तुंबेल.

पण खरी अडचण वेगळी आहे. गंज फॉस्फेट धरून ठेवतो तो ऑक्सिजन आहे तोवर. पाणी साचून ऑक्सिजन संपला की गंजातल्या लोखंडाचं रूप पालटतं, ते विरघळायला लागतं आणि धरलेला फॉस्फेट परत पाण्यात सुटतो. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी 1941-42 मध्ये इंग्लंडमधल्या तळ्यांच्या गाळावर हे दाखवून दिलं. केजुदेवी बंधाऱ्यासारख्या कुठल्याही बंधाऱ्यामागे उन्हाळ्यात पाणी थबकलं, की तळाच्या गाळात हाच खेळ सुरू होऊ शकतो. वरून येणारा फॉस्फरस थांबवला तरी जुना गाळ काही काळ जलपर्णीला पोसत राहतो, तो यामुळेच.

म्हणून लोखंडाच्या गाळणीला दोन पावसांच्या मधे कोरडं व्हायला वेळ मिळालाच पाहिजे. आपल्या शहरातल्या नाल्यांना तो मिळत नाही. ज्या नाल्यात सांडपाणी मिसळतं तो मे महिन्यातही वाहतो. अशा नाल्याच्या तोंडाशी बोरिंगची गाळणी बसवणं मला साफ चुकीचं वाटतं. आधी ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवायला हवं. बोरिंगची जागा सोसायटीच्या पार्किंगखालचा पावसाळी चर, कंपनीच्या आवारातली गटारं, बागेचा उतार. भर जुलैत तिथेही चर ओला राहील, पण पावसाचं पाणी वाहतं असेल, तुंबलेलं नसेल, तर ऑक्सिजन मिळत राहतो आणि चिंता नाही.

मग जिथे सतत ओल आहे तिथे काय? माझं उत्तर आहे तुरटीचा गाळ. पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध होतं. पाणी निवळायला तुरटी घाला किंवा पीएसी (पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड), दोन्हींतलं काम ॲल्युमिनियमच करतं. निवळल्यावर तळाशी बसणाऱ्या गाळात ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड भरपूर असतात. फॉस्फेटवर त्यांची पकडही तशीच पक्की असते, आणि ऑक्सिजन संपला तरी ती सुटत नाही. आयर्लंडमध्ये अशा गाळावर पाणथळ गाळण्या उभारून बरंच संशोधन झालं आहे. कोकणातल्या शेतकऱ्याला हे रसायन दुसऱ्या बाजूने माहीत आहे. जांभ्याच्या मातीत लोखंड आणि ॲल्युमिनियम इतकं असतं, की टाकलेलं सुपर फॉस्फेट जखडून बसतं आणि पिकाला कमी मिळतं. त्याची डोकेदुखी इथे आपल्या कामाची आहे.

गाळ तसाच ओला मात्र वापरता येत नाही. तो वाळवून, खडे पाडून, त्यात जड धातू किती आहेत ते तपासूनच वापरायचा. पाणी आम्ल असेल तर ॲल्युमिनियम सुटण्याचा धोका असतो. आपल्या बेसॉल्टच्या मुलखातलं पाणी सहसा किंचित अल्कधर्मी असतं, ही जमेची बाजू.

एवढा खटाटोप किती फॉस्फरससाठी? डीएपी खताच्या 50 किलोच्या पोत्यात सुमारे 10 किलो फॉस्फरस असतो. साचलेल्या पाण्यात लिटरमागे 0.03 मिलिग्रॅम फॉस्फरस झाला तरी शेवाळ फोफावू शकतं. म्हणजे मावळातल्या भातखाचरांतून किंवा शहरातल्या बागांमधून एका पोत्याइतका फॉस्फरस वाहून आला, तर 33 कोटी लिटर पाणी त्या पातळीला जाऊ शकतं. पवनेचं पाणी मुळा-मुठा, भीमा असं करत शेवटी उजनीत साचतं, हेही लक्षात असू द्या.

ज्यांच्या सोसायटीत किंवा कारखान्यात पावसाळी चर आहे, त्यांना एक विनंती. पहिला जोरदार पाऊस थांबल्यावर चर किती तासांत रिकामा होतो ते पाहून मला कळवा. दोन दिवसांत कोरडा होत असेल, तर बोरिंगच्या गाळणीसाठी ती जागा योग्य आहे.