माल परत बोलावण्याची वेळ

मालाविषयी तक्रार येणे ही व्यापारात नवलाची गोष्ट नव्हे. धान्याच्या पेठेत तर ती नित्याचीच. आठ दिवसांपूर्वी नेलेले गव्हाचे पोते घेऊन गिऱ्हाईक दारी उभे राहते व पोत्याचे तोंड सोडताच सोंडे बाहेर पडू लागतात. अशा वेळी व्यापाऱ्याजवळ दोनच उत्तरे असतात. पोते ठेवून घेऊन दुसरे द्यावे, हे एक; ‘आमच्या वखारीतून माल स्वच्छ गेला, तुमच्याच कोठीत ओल असेल,’ हे दुसरे. पुष्कळदा दुसरे उत्तर खरेही असते, आणि ते खरे असते म्हणूनच त्याचा मोह आवरत नाही.

मोठमोठ्या कंपन्यांवर असा प्रसंग आला म्हणजे त्यांच्यापुढेही हीच दोन उत्तरे असतात. फरक एवढाच की त्यांचे पोते देशभर पसरलेले असते आणि त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छापून येते. गेल्या चाळीसेक वर्षांतील असे काही प्रसंग आम्ही जमेल तसे वाचून काढले. त्यांत व्यापारी बंधूंच्या विचारार्थ ठेवण्यासारखे पुष्कळ आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

पहिला प्रसंग अमेरिकेतील. सन १९८२ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस शिकागो शहर व त्याच्या आसपास सात माणसे अकस्मात मरण पावली. सर्वांनी ‘टायलेनॉल’ नावाच्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतल्या होत्या व त्यांत सायनाइड हे जहाल विष निघाले. हे औषध जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीच्या एका शाखेचे. विष कारखान्यात मिसळले गेले नसून दुकानांत मांडलेल्या बाटल्यांत कोणा दुष्टाने ते घातले असावे, असे तपासात लवकरच दिसून आले. म्हणजे कंपनीजवळ दुसरे उत्तर तयार होते, आणि ते खरेही होते. तरी कंपनीचे प्रमुख जेम्स बर्क यांनी सर्व देशातून सुमारे ३ कोटी १० लक्ष बाटल्या परत मागविल्या. लोकांनी या कॅप्सूल घेऊ नयेत असे स्वतःच जाहीर केले, चौकशीसाठी मोफत दूरध्वनीची सोय केली व घरी असलेल्या कॅप्सूलच्या बदली साध्या गोळ्या देऊ केल्या. या व्यवहारात १० कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. दोन महिने उलटण्यापूर्वी तेच औषध तिहेरी मोहोरबंद बाटलीत बाजारात आले आणि गेलेला बहुतेक खप पुढील काळात परत मिळाला. बाटलीच्या तोंडावर आज जो पातळ पडदा आपण सहज फाडून टाकतो, त्याचा प्रसार या प्रकरणानंतर झाला. विष घालणारा मात्र अद्याप सापडलेला नाही.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. ते दुकानदारांशी निगडित असल्याने आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. सन २००३ च्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर आली असता, मुंबईत कॅडबरी कंपनीच्या चॉकलेटांत अळ्या सापडल्याचे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले आणि पुण्याच्या कारखान्यात झालेला माल जप्त केला. कंपनीने प्रारंभी असे सांगितले की, कारखान्यात कीड लागणे शक्य नाही. किरकोळ दुकानदारांनी माल नीट न साठविल्यामुळे असे झाले असावे. प्रशासनाने यावर विचारले की, साठवण वाईट होती असे धरले तरी वेष्टण हवाबंद का नव्हते?

हा प्रश्न ज्या कोणी विचारला त्याला धान्याची वखार माहीत असली पाहिजे असे आम्हांस वाटते. त्या काळी चॉकलेटाला आत चांदीसारखा कागद नुसता घडी घालून गुंडाळलेला असे व वर कागदी आवरण. कोणत्याही बाजूने चिकटविलेले असे काही नव्हते. किडीला वाट किती लागते? बारदानाच्या दोन धाग्यांमधील फट तिला राजमार्ग होय. लहान गावच्या दुकानात एकाच फळीवर रवा, शेंगदाणे, बिस्किटे व चॉकलेटे शेजारी शेजारी नांदतात, वर पत्र्याचे छप्पर तापलेले. हा कंपनीचा अपघात नव्हे, हाच तिचा बाजार आहे. माल त्या फळीवर जाणार हे ठाऊक असून तो उघड्या घडीत पाठवायचा आणि पुढे फळीला दोष द्यायचा, हे आमच्या मते न्याय्य नव्हते. शिवाय ज्याच्या हातून माल विकला जायचा त्यालाच वर्तमानपत्रांतून आरोपी केल्यावर तो तुमचा माल पुढच्या रांगेत कशाला मांडील?

त्या सणात खप सुमारे ३० टक्क्यांनी खाली आला. कंपनीने महिनाभराहून अधिक काळ जाहिराती थांबविल्या. मात्र तिने लवकरच आपली भूमिका बदलली, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ‘विश्वास’ नावाने एक योजना आखून तिने सुमारे १ लक्ष ९० हजार दुकानदारांकडील साठवण तपासण्याचे व त्यांस माल राखण्याची रीत समजावून देण्याचे काम हाती घेतले. परदेशांतून यंत्रे आणून सन २००४ च्या जानेवारीत चारही बाजूंनी बंद केलेले वेष्टण बाजारात आणले. वेष्टणाचा खर्च १० ते १५ टक्के वाढला तरी किंमत वाढविली नाही. अमिताभ बच्चन यांची जाहिरात त्यानंतर आली. पुष्कळ लोक आजही असे समजतात की कंपनी बच्चनसाहेबांमुळे तरली. आमचे मत निराळे आहे. आधी वेष्टण बदलले नसते आणि पुढल्या पावसाळ्यात पुन्हा अळी निघाली असती, तर त्या थोर नटाचाही काही उपयोग झाला नसता.

यापुढचे मॅगीचे प्रकरण तरुण मंडळींच्या चांगले स्मरणात असेल. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे सन २०१४ मध्ये घेतलेल्या नमुन्यात शिसे दशलक्ष भागांत १७.२ भाग निघाले. कायद्याची मर्यादा २.५ भागांची. शिवाय पाकिटावर वरून मोनोसोडियम ग्लूटामेट घातले नसल्याचे छापलेले असता ते आत सापडले. सन २०१५ च्या मे महिन्यात याचा देशभर बोभाटा झाला. नेस्ले कंपनी आपल्या प्रयोगशाळांच्या आधारे माल निर्दोष असल्याचे सांगत राहिली, पण ज्या मातेने सकाळीच मुलाच्या ताटलीत शेवया वाढल्या होत्या तिच्याशी बोलेल असे कोणी पुढे आले नाही. स्वित्झर्लंडहून मुख्य अधिकारी पॉल बुल्के दिल्लीस येऊन बोलले ते ५ जून रोजी, आणि त्याच दिवशी सरकारने माल परत घेण्याचा हुकूम काढला. त्या वेळी कंपनीने परत घ्यावयाच्या मालाची किंमत सुमारे ३२० कोटी रुपये सांगितली होती. तो हजारो टन माल सिमेंटच्या भट्ट्यांत जाळण्यात आला.

गंमत अशी की पुढे कंपनीचेच म्हणणे टिकले. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी बंदी रद्द केली. कंपनीचे म्हणणे ऐकून न घेता बंदी घातली गेली व तपासणाऱ्या प्रयोगशाळा रीतसर मान्यताप्राप्त नव्हत्या, हे त्याचे कारण. नव्याने केलेल्या तपासण्यांत शिसे मर्यादेत निघाले. गोव्याच्या प्रशासनाने तर आपल्याकडील नमुने ठीक असल्याचे सांगितले होते, आणि माल पुन्हा तयार होऊ लागला त्यांत डिचोलीचा कारखानाही होता. नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमारास, मॅगी दुकानांत परतली. न्याय मिळाला, परंतु पाच महिने फळ्या रिकाम्या राहिल्या. आरंभीच्या त्या दोन आठवड्यांत मोकळेपणाने बोलले असते तर इतके घडले नसते, असे आम्हांस राहून राहून वाटते.

आता ज्या कंपनीचा आरंभी गौरव केला तिचीच दुसरी बाजू. याच जॉन्सन अँड जॉन्सनच्या बाळांच्या पावडरीतील टाल्क या खनिजात काही वेळा ॲस्बेस्टॉसचा अंश आढळल्याचे कंपनीस अनेक दशके ठाऊक होते व तिने ते उघड केले नाही, असे रॉयटर्स या वृत्तसंस्थेने सन २०१८ च्या डिसेंबरात जुन्या कागदपत्रांवरून प्रसिद्ध केले. कंपनीने याचा इन्कार केला व पावडर सुरक्षित असल्याचे म्हटले. तरी हजारो दावे दाखल झाले. टाल्कची पावडर तिने सन २०२० मध्ये अमेरिका व कॅनडातून आणि सन २०२३ मध्ये सर्व जगातून बंद केली. कोणाचे म्हणणे खरे याचा निवाडा करण्याची आमची पात्रता नाही. एवढे मात्र दिसते की, शिकागोचे विष परक्याने घातले होते आणि पावडरीचा प्रश्न स्वतःच्या दप्तरातला होता. परक्याचा अपराध असताना उदार होणे त्या मानाने सोपे.

हे सारे कंपन्यांचे, आम्हां घाऊक व्यापाऱ्यांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी सन २००६ चा अन्नसुरक्षा कायदा एकदा पाहावा. माल कोणाकडून घेतला हे ज्या घाऊक व्यापाऱ्याला दाखविता येत नाही, त्याच्यावर त्या मालाची जबाबदारी येते. सन २०१७ च्या नियमांप्रमाणे माल परत घेण्याची लेखी योजना ठेवण्याचे बंधन उत्पादक व आयातदारांबरोबर घाऊक पुरवठादारांसही आहे. केवळ किरकोळ विक्री करणाऱ्यास त्यातून सूट आहे. म्हणजे उद्या एखाद्या गिरणीच्या डाळीत लाखेची भेसळ निघाली व ती परत मागविली गेली, तर ती कोणकोणत्या दुकानी गेली हे आपल्या वहीवरून सांगता आले पाहिजे. आमच्या पेठेत बिलावर मालाचे नाव, वजन व भाव लिहिण्याची चाल आहे. पोत्यावरील लॉट नंबर लिहिणारे थोडे. मुनीम म्हणतो, गर्दीच्या वेळी कोण लिहीत बसणार? त्याचेही खोटे नाही, एका दिवसात शंभर-सव्वाशे बिले फाटतात. आम्ही गेल्या दिवाळीच्या नव्या वह्यांपासून त्यासाठी एक रकाना आखून घेतला आहे. तूर्त तो डाळी व रव्यापुरता भरला जातो.