फक्कीने आखलेली बीएमपी

पहाटे 4.30. पोरं रस्त्याच्या कडेला फॉल-इन होतात. सप्टेंबर चालू आहे, मैदानात घोट्याएवढा चिखल, म्हणून पाऊस उघडेपर्यंत सोळाशे मीटर डांबरी रस्त्यावरच. अग्निवीर भरतीत हे अंतर साडेपाच मिनिटांत मारलं की 60 गुण, पावणेसहा मिनिटं लागली की 48. पंधरा सेकंदांत बारा गुण जातात, त्यामुळे भाषण ठोकायला वेळ नसतो. पळण्याआधी एकच काम सक्तीचं: बुटाचा तळ, नाडी, मोजा तपासायचा. पळून आल्यावर पुन्हा तेच. फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी फर्स्ट परेड असते आणि आत लावताना लास्ट परेड. ही सवय एकदा अंगात मुरली की जात नाही, आणि मी ती जाऊही देत नाही.

हिंगोली जिल्ह्यात भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या आता गावोगाव आहेत, त्यातलीच आमची एक. मी मेकनाईज्ड इन्फंट्रीत ड्रायव्हर होतो, हवालदार म्हणून घरी आलो. गावात मात्र सगळे ‘मेजर’ म्हणतात. ही बढती सरकारने दिलेली नाही.

सकाळी 8. पत्र्याच्या शेडमध्ये लेखीचा तास. नफा-तोट्याची गणितं सोडवून पोरं पेंगायला लागली की मी फळ्यावर माझं गणित मांडतो. फौजेत मी चालवलेल्या बीएमपीचं वजन 14.3 टन. दोन ट्रॅक, प्रत्येकाची रुंदी 30 सेंटिमीटर, जमिनीला टेकलेली लांबी साधारण साडेतीन मीटर. तर एका चौरस सेंटिमीटरवर भार किती? पोरं आकडेमोड करतात आणि उत्तर बघून पुन्हा करतात. सातशे ग्रॅमच्या आतच येतं. चौदा टनांचं धूड, आणि चालणाऱ्या माणसाच्या टाचेखाली याहून जास्त भार पडतो.

11 वाजता शेतात. हळद कमरेला आलीय, सोयाबीन पिवळं पडू लागलंय. कयाधू नदीकडच्या बाजूला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रुतलेला होता. दुसरा ट्रॅक्टर आणला, साखळ्या लावल्या, तासभर सगळ्यांचे सल्ले चालले. सकाळी फळ्यावर आलेलं उत्तर इथे चिखलात दिसतं. चाकाचा भार चार टिकल्यांवर येतो, ट्रॅकचा दोन लांब पट्ट्यांवर पसरतो. पण ट्रॅकची गाडी रुतत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काळ्या गाळात ती एकदम वळवली की ट्रॅक उतरतो, आणि मग सब्बल, हातोडा, ट्रॅक पिन आणि शिव्या यांच्या जोरावर तो परत चढवावा लागतो. ड्रायव्हरचं निम्मं कसब ट्रॅकचा ताण नीट ठेवण्यात असतं. सैल राहिला तर उतरणार, फार ताणला तर पिना खाणार.

दुपारी जेवण आणि घटकाभर आडवं होणं, एवढंच.

4.30. या तासाला पोरं दांडी मारत नाहीत. मुरमाच्या कोरड्या तुकड्यावर मी फक्कीने एक चौकट आखतो: लांबी 6.7 मीटर, रुंदी 3.15. ही बीएमपी-2, पायदळाला घेऊन लढणारी चिलखती गाडी, आपल्याकडची ‘सारथ’. मूळ रशियन बनावटीची, तिकडे 1980 मध्ये सेवेत आली. आपल्याकडे 1987 पासून मेदकच्या आयुध कारखान्यात बनू लागली. हिंगोलीहून नांदेड, निजामाबाद धरलं की पुढे मेदकचाच मुलूख लागतो. इथल्या कित्येकांना आपल्या शेजारी हे बनतं याचा पत्ता नसतो.

चौकटीत आतल्या रेघा मारतो. पुढे डावीकडे ड्रायव्हर, त्याच्या उजव्या हाताला इंजिन: सहा सिलिंडरचं, 300 अश्वशक्तीचं डिझेल. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक जवान. मधल्या गोलात टरेट. त्यात डावीकडे गनर, उजवीकडे कमांडर. मागे सहा जवान, पाठीला पाठ लावून, तोंडं बाहेरच्या बाजूला. मग दहा पोरांना सॅकसकट आत बसवतो.

“सर, एवढ्याशा जागेत दहा जण बसतेत?”

“बसत नाहीत, कोंबावे लागतात.”

पाच मिनिटांत गुडघे बोलायला लागतात. प्रत्यक्षात वर लोखंडी छत असतं, उभं राहता येत नाही. अख्ख्या गाडीची उंची टरेट धरून अडीच मीटरच्या आत आहे. ठेंगणी गाडी शत्रूला उशिरा दिसते, म्हणून तिची उंची कापली. ती कापली जवानांच्या मानेतून. मागच्या सहा जणांच्या पाठींच्या मधोमध डिझेलची टाकी. मागची दोन दारं पोकळ, त्यांतही डिझेल. हे ऐकून पोरं एकमेकांकडे बघतात. दारातलं डिझेल आधी वापरून संपवायचं आणि लढाईला रिकाम्या दारांनी जायचं, हा त्यातला शहाणपणा. तरी ही रचना मला कधीच आवडली नाही.

आवडली ती इंजिनाची जागा. इंजिन पुढे असल्यामुळे मागे दारं ठेवता आली. गाडी शत्रूकडे तोंड करून थांबते, दारं तिच्या आडोशाला उघडतात आणि सात जण बाहेर पडतात. सगळी गाडी या सात जणांसाठी आहे. टरेटवरची 30 मिलिमीटरची तोफ, तिचे 500 गोळे, बाजूची 7.62 ची मशीनगन, चार किलोमीटरवरचा रणगाडा फोडणारं काँकर्स क्षेपणास्त्र, हा सगळा सरंजाम त्यांना योग्य जागी उतरवायचं आणि उतरल्यावर पाठ राखायची यासाठीच. मी शिट्टी मारतो. पहिल्या खेपेला पोरं एकमेकांवर आदळतात, एकाची सॅक दुसऱ्याच्या गळ्यात अडकते. पाचव्या खेपेला क्रम बसतो: दाराजवळचा आधी, मग त्याच्या शेजारचा. क्रम मोडणाऱ्याला चौकटीभोवती फेऱ्या.

आधीच्या बीएमपी-1 मध्ये मागे आठ जण बसत. कमांडर तेव्हा खाली, ड्रायव्हरच्या मागे बसायचा, आणि टरेटमुळे त्याला सगळीकडचं दिसायचं नाही. तोफ 73 मिलिमीटरची होती, तोंड मोठं पण लांबवर नेम धरण्यात कच्ची. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धात हे उघडं पडलं. मग कमांडरला वर टरेटमध्ये आणलं, टरेट रुंद केलं आणि मागच्या दोन जागा गेल्या; कमांडरची ड्रायव्हरमागची जुनी जागा तेवढी एका जवानाला मिळाली. नवी तोफ 74 अंशांपर्यंत वर उचलता येते, त्यामुळे डोंगरमाथ्यावरचा माणूस आणि हेलिकॉप्टर दोन्ही तिच्या टप्प्यात आले. एक शिपाई कमी करून एवढं मिळालं. सौदा बरा झाला.

पोरांचा ठरलेला प्रश्न येतोच: “सर, इसापूर धरणातून जाईल का?”

जाईल. ही गाडी पोहते. पुढची फळी उघडायची म्हणजे नाकावर लाट चढत नाही, आत झिरपणारं पाणी फेकणारे बिल्ज पंप चालू करायचे, आणि ट्रॅकच पाणी मागे लोटतात. वेग ताशी सात किलोमीटर. पाण्यात भीती वाटत नाही. खरी परीक्षा पलीकडच्या काठाला, गाळातून वर चढताना. पण पोहायचं तर हलकं राहायला हवं, आणि हलकं राहायचं तर पोलाद पातळ. बाजूचा पत्रा रायफलची गोळी अडवतो, बॉम्बच्या किरच्या अडवतो. खांद्यावरून मारलेलं रॉकेट अडवत नाही. अफगाणिस्तानात सुरुंगांच्या भीतीने रशियन सैनिक आत बसायचं सोडून छतावर बसून जात. म्हणून मी पोरांना बजावतो, हिला रणगाडा म्हणू नका. रणगाडा समजून वापरली तर दहा माणसं जातील.

ड्रायव्हरच्या जागी बसलेल्याला मी टॉवेलने डोळ्यांभोवती आडोसा करून देतो, समोर फक्त फट. हॅच बंद असताना पेरिस्कोपमधून एवढंच दिसतं. हातात गोल स्टेअरिंग नसून मोटरसायकलसारखा दांडा, पाच गिअर पुढचे, एक मागचा. सपाट रस्त्यावर 65 चा वेग गाठते. पण कानात कमांडर ‘डावीकडे’ म्हणाला की स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवायचा. हे शिकायला मला पोहण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

7 वाजता अंघोळी उरकून पोरं पुन्हा शेडमध्ये. सामान्य ज्ञानाच्या नावाखाली गप्पा. मेकनाईज्ड इन्फंट्री रेजिमेंट 1979 ची, जुन्या पायदळी रेजिमेंटांच्या पलटणी एकत्र आणून उभी केलेली. जनरल सुंदरजींचा त्यात मोठा वाटा. तिचं प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला. खारे कर्जुनेच्या के. के. रेंजवर तोफेचा सराव चालतो. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सकडेही या गाड्या आहेत आणि त्यांचं केंद्र कामठीला. म्हणजे या गाडीतून लढणाऱ्या दोन्ही रेजिमेंटांची घरं महाराष्ट्रात. आणि फार पूर्वी खुद्द हिंगोलीत छावणी होती, हैदराबाद कंटिंजंटची. त्या फौजेच्या घोडदळातून पुढे डेक्कन हॉर्स झाली. तिच्याकडे आज घोड्यांच्या जागी रणगाडे आहेत. घोड्यालाही सकाळ-संध्याकाळ तपासणी होतीच.

1987 मध्ये श्रीलंकेतल्या जाफन्यात आपल्या फौजेबरोबर बीएमपी होत्या, 2020 मध्ये पूर्व लडाखमध्येही. लडाखच्या विरळ हवेत डिझेल इंजिनाचा दम कमी होतो, थंडीत सुरू व्हायला ते नखरे करतं. तिथे ड्रायव्हर रात्री झोपताना इंजिनाचा विचार करतो, घरचा नंतर.

9 वाजता पोरं पांगतात. जाता जाता एकाने विचारलं, गाडी एवढी जुनी, मग आमच्या वाट्याला काय येणार? त्याचं उत्तर सरकारी कागदावर आहे. 1 मार्च 2024 ला संरक्षण मंत्रालयाने आर्मर्ड व्हेईकल्स निगमशी करार केला: 693 बीएमपी-2 च्या शस्त्रप्रणालीत सुधारणा, रात्री दिसणाऱ्या नव्या दुर्बिणी, कमांडरला स्वतंत्र दृष्टी, लक्ष्य आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा. ढाचा तोच, डोळे नवे.

माझी काळजी वेगळी आहे. अग्निवीर चार वर्षांचा, त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार. चार वर्षांत पोरगा गाडी चालवायला शिकतो, ट्रॅक चढवायला शिकतो. पण इंजिनाच्या आवाजातला बिघाड कानाने ओळखणारा आणि तो दुसऱ्याला शिकवणारा उस्ताद व्हायला याहून जास्त काळ लागतो. मेक इन्फंट्रीसाठी 25 टक्के कमी पडतील, असं माझं स्पष्ट मत आहे.