लोणारचा पाषाण आणि अदृश्य किरण

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. लोककथेने त्याचा संबंध लवणासुराशी जोडला. पुढे अनेक अभ्यासकांनी ते ज्वालामुखीचे मुख मानले. या वादाचा निर्णय अखेर तेथील पाषाणाच्या साक्षीनेच झाला. ती साक्ष समजण्यासाठी प्रथम स्फटिकाची अंतर्रचना पाहिली पाहिजे.

स्फटिकातील अणू ठरावीक मांडणीत बांधलेले असून आपापल्या जागी सतत कंप पावतात. ही कंपने स्वैर नसतात. त्यांच्या पद्धती आणि वारंवारता निश्चित असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची वारंवारता अशा एखाद्या कंपनाशी जुळली आणि त्या कंपनात विद्युतभारही हलत असले, की स्फटिकावरून त्या किरणांचे तीव्र परावर्तन होते.

दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत आढळणारा कॅल्साइट हे याचे उत्तम उदाहरण. त्यातील एक कार्बन व तीन ऑक्सिजन अणूंचे गट सपाट त्रिकोणासारखे असून ते एकमेकांना समांतर असतात. किरणांचे विद्युतक्षेत्र त्रिकोणाच्या पातळीत असेल तर सुमारे ७ मायक्रोमीटर तरंगलांबीपाशी तीव्र परावर्तन होते. क्षेत्र पातळीला लंब असेल तर ते लोपते आणि सुमारे ११ मायक्रोमीटरपाशी दुसरे दिसते. दिशेनुसार गुणधर्म बदलणाऱ्या अशा स्फटिकांना असमदिक् म्हणतात.

लोणारच्या बेसाल्टमधील फेल्स्पारही असमदिक् आहे. आघाताच्या प्रचंड दाबाने त्याचे काही कण न वितळताच काचरूप झाले. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. अशा आघातखुणांच्या आधारे कर्ट फ्रेडरिक्सन व सहकाऱ्यांनी १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लोणार हे आघातविवर असल्याचे मांडले. अवरक्त वर्णपटातही हा बदल उमटतो : अणूंची शिस्त मोडल्याने तीक्ष्ण शिखरे रुंद व पुसट होतात आणि दिशाभेद नाहीसा होतो.

मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसाल्टचा आहे. तेथील खडक यानांवरील उपकरणे अवरक्त किरणांवरूनही ओळखतात. त्यामुळे बेसाल्टमध्येच घडलेल्या लोणारच्या विवराचे पाषाण तुलनेसाठी मोलाचे ठरतात.

परंपरेने सांगितले वा ग्रंथात लिहिले एवढ्यावरून काही स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही तथागतांची शिकवण. धाडच्या विद्यार्थ्यांना लोणार दूर नाही. तेथील दगड जागचा न हलवता, पण त्याला प्रश्न विचारीत त्यांनी तो अवश्य पाहावा.