रॅकेट कशी धरावी?

कोयत्याने फांदी तोडताना मूठ एक असते. विळ्याने गवत कापताना ती दुसरी होते. कुदळीने खणताना तिसरी. काम बदलले की मूठ बदलते. वसईच्या वाडीत राबणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. टेनिसच्या खेळातही हेच आहे.

टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते. मधे आडवे जाळे. ते मधोमध ३ फूट उंच असते. चेंडू जाळ्यावरून पलीकडे मारायचा. मारायचे हत्यार म्हणजे रॅकेट. तिला वर तारांची जाळी असते, खाली दांडा. दांडा गोल नसतो, त्याला आठ पैलू असतात. त्यामुळे रॅकेट हातात किती वळली, हे न बघताही बोटांना कळते.

आता मुठी पाहू. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी सांगतो. डावखुऱ्याने उलट समजावे.

पहिली मूठ कोयत्याची. रॅकेटची कड जमिनीकडे करा, जशी कोयत्याची धार. मग दांडा धरा. खेळ सुरू करताना चेंडू डोक्यावरून मारतात, त्याला सर्व्हिस म्हणतात. ती या मुठीने. जाळ्याजवळ उभे राहून चेंडू अधांतरीच परतवायचा, तोही याच मुठीने.

दुसरी मूठ हात मिळवण्याची. तळवा तारांवर टेकवा. तसाच सरकवत दांड्यावर आणा आणि बोटे मिटा. आता तळवा जिकडे, जाळी तिकडे. उजव्या अंगाला आलेला चेंडू मारायला नवशिक्याला हीच बरी.

तिसरी मूठ तव्याची. रॅकेट जमिनीवर आडवी ठेवा. दांड्याचा तवा उचलतो तशी वरून धरून उचला. या मुठीने चेंडू खालून वर घासत मारता येतो. तो फिरत जातो, जाळ्यापलीकडे झपकन उतरतो आणि टप्पा पडला की उंच उसळतो. मात्र जमिनीलगतचा चेंडू या मुठीने मारणे कठीण.

डाव्या अंगाला चेंडू आला तर? मूठ थोडी दांड्याच्या माथ्यावर वळवावी. नाहीतर कुदळीसारखे दोन्ही हात लावावेत. उजवा खाली, डावा वर. पुष्कळ खेळाडू असेच खेळतात.

मूठ घट्ट किती? पिकलेले केळे हातात धरतो, ते निसटू नये आणि चेंगरूही नये. तितकीच. चेंडू लागतो त्या क्षणी मूठ आवळावी, मग लगेच सैल सोडावी.

हे का सांगतो? सारखी आवळलेली मूठ कोपरावर उठते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला स्नायूची दोरी हाडाला जोडलेली असते. तिच्यावर रोज ताण पडला की तिथे ठणका लागतो. बादली उचलवत नाही, ओले कपडे पिळवत नाहीत. या दुखण्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. पण ते झालेली बहुतेक माणसे कधी टेनिस खेळलेलीच नसतात! सुतार, गवंडी, हातोडा चालवणारे, घरात राबणाऱ्या बाया, कोणालाही ते होते. तेव्हा आपल्या हत्याराचा दांडाही बघा. फार जाड किंवा फार बारीक दांडा असला की मूठ उगाच आवळावी लागते. दुखू लागले तर हाताला विसावा द्या. दुखणे राहिले तर दवाखान्यात दाखवा. अंगावर काढू नका.

आणखी एक. घरातली मुलगी रॅकेट मागेल, तर हसू नका. आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने २०२३ साली चीनमधल्या हांगझाऊला, आशियाई स्पर्धेत, रोहन बोपण्णाच्या जोडीने सुवर्णपदक मिळवले. तिनेही कधीतरी पहिल्यांदा मूठच शिकली असेल. नवी रॅकेट नसली तरी अडत नाही. लाकडी फळीला दांडा ठेवा, भिंतीवर चेंडू मारू द्या. मूठ तेवढी पहिल्या दिवसापासून नीट धरायला सांगा. एकदा हाताला वाईट वळण लागले की ते मोडणे जड जाते.