टंचाईच्या पायावरची परदेशी नोकरी

परदेशी शाळेचे दार भारतीय शिक्षकाला उघडते, ते केवळ त्याच्या विद्वत्तेमुळे नव्हे. त्या देशातील शिक्षकांच्या टंचाईमुळे. हे विधान कोणाला कटू वाटेल, परंतु ते मनाशी धरल्यावाचून या नोकऱ्यांचे अर्थशास्त्र उमगणार नाही.

नायजेरियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७३-७४ मध्ये खनिज तेलाच्या किमती सुमारे चौपट झाल्या आणि त्या देशाच्या तिजोरीत अकस्मात पैसा आला. १९७६ मध्ये सरकारने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू केली. शाळा वाढल्या, विद्यार्थी वाढले. शिक्षक मात्र एका रात्रीत घडत नाहीत. साहजिकच घाना, भारत आदी देशांतून ते आणावे लागले. माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकविणारा भारतीय शिक्षक तेथे परिचयाचा झाला. पुढे ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले. १९८३ मध्ये परवान्याविना राहणाऱ्या परकीयांना देश सोडण्याचा हुकूम निघाला. त्यात घानाच्या लाखो नागरिकांना जावे लागले. १९८६ मध्ये नायराचे मूल्य घसरले आणि ज्यांचे करार शाबूत होते, त्यांच्याही पगाराचे डॉलरमधील मोल झपाट्याने उतरले. फळा तोच होता, शिकविणाराही तोच होता. बदलला होता तो तेलाचा भाव.

आज इंग्लंडमध्ये परिस्थिती वेगळी असली, तरी सूत्र तेच आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह नऊ देशांतील शिक्षकांना तेथील अधिकृत पात्रतेसाठी थेट अर्ज करता येऊ लागला. मात्र भारतीयांसाठी ही वाट ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकविणाऱ्यांपुरतीच ठेवण्यात आली. इतिहासाच्या निष्णात शिक्षकाला ती मोकळी नाही. जेथे तूट, तेथेच निमंत्रण! २०२४-२५ मध्ये लंडनबाहेरील पात्र शिक्षकाचे प्रारंभीचे वेतन वर्षाला ३१,६५० पौंड होते. रुपयांत हा आकडा डोळे दिपवितो. पण घरभाडे, प्रवास आणि किराणाही पौंडांतच मोजावा लागतो. शिवाय कुशल कामगाराचा व्हिसा नोकरी देणाऱ्या संस्थेशी बांधलेला असतो. ती नोकरी सुटली की देशातील वास्तव्यच धोक्यात येते.

वर्गातील कसोटी याहून सूक्ष्म असते. साठ विद्यार्थ्यांपुढे अखंड व्याख्यान देण्याची सवय झालेल्या शिक्षकाला तीस मुलांचा वर्ग प्रथम सोपा वाटतो. पण तेथे मुले गप्प बसून ऐकतील, हे गृहीत धरता येत नाही. शिक्षकाबद्दलचा आदर पदासोबत आयता मिळत नाही; तो रोज कमवावा लागतो. शिक्षकाचे इंग्रजी शुद्ध असूनही उच्चारांमुळे मुलांना कळत नाही आणि मुलांचे घरगुती इंग्रजी शिक्षकाला कळत नाही. आपल्याकडे गुणाकार समजावताना रुपये, बिघे आणि आंब्यांच्या पेट्या मदतीला येतात. तेथे ही उदाहरणे निरुपयोगी ठरतात. वीस वर्षांच्या अनुभवी शिक्षकाला पुन्हा उमेदवार व्हावे लागते. ज्याला हे कमीपणाचे वाटत नाही, तोच तेथे टिकतो.

म्हणून परदेशी जाऊ नये असा याचा अर्थ नाही. जाणाऱ्याने विनिमय दराऐवजी हाती उरणारी शिल्लक पाहावी, कराराची मुदत नीट वाचावी आणि परतीची वाट शाबूत ठेवावी. टंचाई ओसरली की निमंत्रणही ओसरते.

तथापि, खरा प्रश्न इकडच्या किनाऱ्यावरचा आहे. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारा प्राध्यापक किंवा विनाअनुदानित शाळेत अनुदानाची वाट पाहणारा शिक्षक परदेशाकडे डोळे लावतो, तेव्हा त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या देशाची टंचाई ज्याला हेरते, त्याची गरज आपल्यालाही आहे. फक्त ती गरज आपण पगारपत्रकावर मांडलेली नाही.