सिमेंट चाललंय

आजी डाव्या कुशीवर आहेत. वय ७८. परवा मोरीत पाय घसरला आणि उजवा खुबा मोडला. पाठीत इंजेक्शन देऊन मी कमरेखालचा भाग बधिर केलाय; वर त्या जाग्याच आहेत.

"डॉक्टरीणबाई, काहीतरी ठोकतायत वाटतं."

"हो आजी. दुखतंय का?"

"नाही गं."

पडद्यापलीकडे सरांनी मोडलेला गोळा बाहेर काढलाय. आतला जाळीदार भाग ते अंगठ्याने दाबून दाखवतात. तो चक्क आत दबतो. "सर, बिनसिमेंटचा कृत्रिम सांधा नको?" शिकाऊ डॉक्टर विचारतो. "तो ठोकून घट्ट बसवावा लागतो. या हाडाला चीर जाईल."

मांडीच्या हाडाची पोकळी पाण्याच्या झोताने धुतात, कोरडी करतात, खाली बूच बसवतात. सिस्टर पूड आणि द्रव कालवते. उग्र वास सुटतो. इंग्लंडच्या जॉन चार्नलींनी १९६० च्या दशकात खुब्याच्या शस्त्रक्रियेत रुळवलेलं हेच ते ॲक्रिलिक सिमेंट.

"मॅडम, सिमेंट चाललंय!"

हे सांगावंच लागतं. सिमेंट दाबून भरताना मज्जेतली चरबी रक्तात जाऊ शकते, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. मी ऑक्सिजन वाढवते. मॉनिटरवर वरचा आकडा १३०, ११२, ९४. हातातल्या सिरिंजमधलं औषध देते. "आजी, बोला माझ्याशी. नातवंडं किती?"

"तीन." १०२. ११८. माझा जीव भांड्यात पडतो.

सरांनी कृत्रिम सांध्याचा दांडा आत सरकवलाय आणि हात जराही न हलवता धरून ठेवलाय. उरलेल्या सिमेंटची गोळी सिस्टरच्या तळहातावर आहे. हातमोज्यातूनही चटका बसेल इतकी ती तापते, मग दगडासारखी कडक होते. आता सर हात काढतात.

बाहेर मुलगा विचारतो, "आता काळजी नाही ना?"

"या खुब्याची नाही. उद्या वॉकर धरून उभं करू," सर म्हणतात. "पण बाकीची हाडं तशीच ठिसूळ आहेत. आधी कधी मोडलं होतं?"

"दोन वर्षांपूर्वी मनगट. प्लास्टर केलं होतं."

"आणि हाडांची तपासणी?"

मुलगा नकारार्थी मान हलवतो.

मला या उत्तराची चीड येते, कारण ते वारंवार ऐकू येतं. पन्नाशीनंतर नुसत्या पडण्याने हाड मोडलं, तर प्लास्टरवर थांबू नका. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करा, ड जीवनसत्त्व तपासा, औषध सुरू करा. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शनही आहे. आजींना ते मनगट मोडलं तेव्हाच मिळायला हवं होतं.